हाव तोंडानंच म्हणायचं

त्या सत्राचं नियोजन आठवायला बसले की मला आधी ऊन आठवतं. दिवाळी संपलेली, कॉलेज नुकतं उघडलेलं, आणि आमच्या राज्यशास्त्र विभागाच्या मागच्या व्हरांड्यात दुपार उतरताना जे तिरपं ऊन यायचं ना, ते इतकं मऊ असायचं की बोलता बोलता माणसाचे डोळे मिटायचे. रस्त्यानं कापसाच्या गाड्या बाजाराकडे जायच्या. त्यांतून सुटलेले पुंजके हवेत तरंगत कंपाउंडच्या आत यायचे, कुणाच्या केसांत, कुणाच्या वहीवर बसायचे. कोणी झटकायचं नाही. वर्ध्यात त्या दिवसांत कापूस झटकत बसलं तर दुसरं कामच व्हायचं नाही. त्या व्हरांड्यातल्या किती गोष्टी खरंच घडल्या आणि किती मी डुलकीत पाहिल्या, हे आज कुणी शपथ घालून विचारलं तरी मला धड सांगता यायचं नाही.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. देवळीच्या पुढच्या एका खेड्यातून रोज एसटीनं अपडाउन करायचे. विभागात विद्यार्थ्यांचं अभ्यास मंडळ होतं, दहा-बारा जणांचं. सत्र सुरू झालं की दर शनिवारी व्हरांड्यात फळा टेकवून बसायचं आणि परीक्षेपर्यंत काय काय करायचं ते ठरवायचं. कुणीतरी डब्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचं. शेंगा सोलत सोलत आम्ही देशाचा कारभार बघायचो.

आमच्या मंडळाची एक पद्धत होती. सरांनीच ती लावली होती. सर म्हणजे हळू बोलणारा माणूस, वर्गातही ते झोपेतून उठल्यासारखे शिकवायचे, पण या एका बाबतीत कडक. मंडळात मतदान नाही, बहुमत नाही. कार्यक्रम फळ्यावर लिहायचा आणि मग एकेकाकडे बघून विचारायचं. प्रत्येकानं तोंडानं 'हाव' म्हणायचं. आमच्याकडे 'हो'ला हावच म्हणतात. मान डोलावलेली चालायची नाही, हात वर केलेला चालायचा नाही, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अंगठा टाकलेला तर मुळीच नाही. गप्प बसला त्याचं हाव धरायचं नाही. आणि एकाचं जरी 'नाई' निघालं तरी त्याला 'काऊन?', म्हणजे 'का?', असं विचारायचं, पूर्ण ऐकून घ्यायचं, आणि तरीही त्याचं नाई ते नाईच असलं तर कार्यक्रम फळ्यावरून पुसून टाकायचा. इतिहासवाले आम्हाला 'हाव मंडळ' म्हणून चिडवायचे. चिडवोत बापडे! त्यांच्यात त्यांचे सर ठरवायचे आणि पोरं निमूट खुर्च्या उचलायची.

त्या फळ्यावर आम्ही काय काय नाही लिहिलं! नागपूरला हिवाळी अधिवेशन बघायला जायचं. अभिरूप संसद भरवायची, तीही झाडाखाली. दर महिन्याला भिंतीपत्रक काढायचं. पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरापोरींना गाठून त्यांच्याशी बोलायचं. एकजण म्हणाला, आपण एक दिवस कोणीच कोणाला आज्ञा करायची नाही असा दिवस पाळू. त्याला सगळ्यांनी एका दमात हाव म्हटलं, आणि मग हा दिवस पाळायला सांगणार कोण, यावर अर्धा तास वाद घातला. लिहिलेली अक्षरं उन्हात फिकी दिसायची. मला वाटायचं, सगळं सत्र असंच फळ्यावर राहावं, खाली उतरूच नये.

पण मला एक कार्यक्रम खाली उतरवायचा होता. दुसऱ्या शनिवारी मी उठले आणि खडूनं लिहिलं, 'ग्रामसभा, आमच्या गावात. भाषण: माजी सरपंच.'

"माजी सरपंच कोन?" सचिवानं विचारलं. आमचा सचिव पिपरी मेघे गावचा पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कडक इस्त्रीचंच बोलणं.

"माही आई," मी म्हणाले.

आमच्या गावचं सरपंचपद एकदा बाईसाठी राखीव निघालं आणि आई निवडून आली. मी तेव्हा शाळेत होते. आई सातवी शिकलेली, सही झोकदार करायची. पण गावानं पहिल्याच दिवसापासून बाबांना 'सरपंचसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि आईला 'सरपंचीणबाई'. म्हणजे सरपंच ती, आणि नाव पडलं सरपंचाच्या बायकोचं! ग्रामसभेत आई खुर्चीवर डोक्यावरून पदर घेऊन बसायची आणि बाबा तिच्या बाजूला उभं राहून बोलायचे. कुणी तिला काही विचारलं की उत्तर बाबा द्यायचे. बाबांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की आपण बायकोचं ओझं उचलून राह्यलो. अख्खी मुदत संपली, आई खुर्चीवरून उतरली, आणि त्या सगळ्या काळात सभेत कुणी तिचा आवाज ऐकला नाही.

आणि घरात? घरात माझ्या माऊलीचं तोंड मिटत नाही. गाईशी बोलते, चुलीशी बोलते, डाळ शिजेना तर डाळीला शिव्या घालते. गावातल्या कुणाच्या शेतात काय पिकलं, कुणाची सून कशानं रुसली, नाली कुठं तुंबली आणि ती कशी काढावी, सगळं तिच्याजवळ तयार असतं. राज्यशास्त्राचं जाड पुस्तक वाचताना मला कितीदा वाटलं की याच्यापेक्षा आई नीट सांगते. म्हणून मला एकच पाहिजे होतं. चारचौघांत, सभेत, आईचा आवाज. एकदा. जास्त नाही. मला वाटायचं, हे झालं नाही तर माझ्या दोन वर्षांच्या शिकण्याचं लोणचं घालायचं काय?

सगळे हाव म्हणाले. सचिवाजवळ गाडी अडली.

"नाई," तो म्हणाला.

"काऊन?"

"मोठा पाहुणा आणू ना एखादा. बॅनर लावू. लोक येतीन."

मी अशी भडकले! "तुह्या मोठ्या पाहुण्याले काय बोलता येते रे? मागच्या साली आणला होता, त्यानं आपल्या मंडळाचं नावबी चुकीचं घेतलं. हार घातला, चिवडा खाल्ला, गेला!"

सगळे हसले, सचिवही हसला, पण नाई ते नाईच. पद्धतीप्रमाणे माझा कार्यक्रम पुसला गेला. सरांनी स्वतः पुसला, आणि पुसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा लिहिता येतो."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा लिहिला. तो पुन्हा नाई म्हणाला. मी चौकात उभी राहून बसची वाट पाहत एकटीच त्याच्याशी भांडत राहिले. बसमध्ये बसले तरी भांडण चालूच. खिडकीबाहेर पांढरी वावरं संथ मागे जात होती, वाकलेल्या बाया कापूस वेचत होत्या, आणि माझा राग त्या पांढऱ्यात हळूहळू विरघळत गेला. गाव येईपर्यंत मी झोपले होते.

चौथ्या शनिवारी मी खडू उचलला आणि तो म्हणाला, "थांब ना जराशी. आधी माह्यं काऊन पूर्ण ऐकून घे. दोन्ही वेळेस तू ऐकलंच नाई, नुसती ओरडली."

ते खरं होतं. मी बसले.

"माह्या आईले कोनी माईकसमोर उभं केलं ना," तो म्हणाला, "त ती पळून जाईन. आन् आयुष्यभर मले बोल लावन. भाषण म्हनजे शिक्षा हाय यार, बोलणं नाई. तुह्या आईले काऊन शिक्षा देऊन राह्यली?" मग शेंगेचं टरफल बाजूला टाकून तो म्हणाला, "तिले पाहुणी करूच नोको. सभेत बसव, सगळ्याईत. आपली पद्धत चालवू. एकेकाले इचारू. तिची पाळी आली का तिलेबी इचारू. हाव म्हनो का नाई म्हनो. तितकं त ती बोलन ना?"

अरे बापा! या इस्त्रीच्या शर्टात असं डोकं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी फळ्यावर लिहिलं, 'ग्रामसभा, आमच्या गावात.' खाली काहीच लिहिलं नाही. एकेकाला विचारलं. या वेळी सगळ्यांत मोठ्यानं हाव त्याचंच होतं.

घरी सांगितलं तर आई लसूण सोलत होती. "मले नाई येत व सभेत बोलता," ती म्हणाली. "घरात बोलतो तितकं पुरे नाई काय?"

"भाषण नाई देऊन राह्यली तू. एक शब्द म्हनायचा हाय."

"एक शब्द मी बोलून देईन तिच्याकडून," बाबा ओसरीवरून म्हणाले. "तिले काऊन तकलीफ?"

मीही लसूण सोलायला बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि मला आई सभेत यायला पाहिजे होती.

मग सत्र फळ्यावरून खाली उतरायला लागलं आणि आमची फजिती सुरू झाली. नागपूरला गेलो तर आत जायचे पास मिळाले नाहीत. मग विधानभवन रस्त्यापलीकडून बघितलं, फुटपाथवर संत्री खाल्ली आणि परत आलो. तरी परतीच्या गाडीत सगळे इतके खुशीत होते, जणू विधेयकच मंजूर करून आलो. भिंतीपत्रक कणकेच्या खळीनं चिकटवलं, तर रात्रीतून कुणाची तरी बकरी आली आणि 'संघराज्य' या शब्दापर्यंत सगळं खाऊन गेली. अभिरूप संसदेच्या दिवशी विरोधी पक्षच आला नाही. सगळा विरोधी पक्ष कापूस वेचायला गेलता. सरकारनं आपले ठराव आपणच मांडले, आपणच हाव म्हटलं, आणि ते इतकं कंटाळवाणं झालं की पंतप्रधानाला झोप लागली. सरांनी त्याला उठवलं नाही. म्हणाले, "यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे."

मी मात्र दिवस ढकलत होते. शेंगा संपल्या, हरभरा आला, ऊन जरा टोचायला लागलं. मला स्वप्नात सभा दिसायची. सगळे बसलेत, आईची पाळी येते, ती तोंड उघडते आणि आवाजच येत नाही, नुसता कापूस निघतो. दचकून उठायचे आणि स्वयंपाकघरातून भांड्यांशी चाललेलं तिचं बोलणं ऐकून जीव भांड्यात पडायचा.

सभेच्या दिवशी मंडळ सरांसकट एसटीनं आलं. सगळे गावाच्या तोंडाशी, बस थांबते तिथं उतरले. तिथंच सिमेंटची स्वागत कमान आहे. तिच्या एका खांबावर सरपंच म्हणून माझ्या आईचं नाव कोरलेलं आहे, कारण कमान तिच्याच काळात झाली. सचिव तिच्याखाली थांबला.

"विषय भेटला," तो म्हणाला. "ही कमान अजून बांधलीच नाई असं समजायचं. कमान बांधायची का नाई, यावर सभा घेऊ. सोपं हाय, सगळ्याईले मालूम हाय."

मलाही ते बरं वाटलं. बांधून झालेल्या कमानीला कोण नाही म्हणणार? आईला नुसतं हाव म्हणायचं होतं.

शाळेसमोरच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. आम्ही बसलो, गावातले लोक बसले, बायका भिंतीच्या सावलीला बसल्या. सुस्त दुपार होती. कुठंतरी पिठाची चक्की घुमत होती आणि तिच्या आवाजावर अख्खं पटांगण पेंगत होतं. आई बायकांमध्ये निळं लुगडं नेसून बसली होती. बाबा मागं शाळेच्या खांबाला टेकून उभे होते.

सचिवानं शाळेचा फळा बाहेर आणून त्यावर ठराव लिहिला, वाचला आणि पद्धत समजावून सांगितली. तोंडानंच म्हणायचं, ज्याचं त्यानं. मग विचारणं सुरू झालं. हाव. हाव. हाव. म्हाताऱ्यांना गंमत वाटत होती, ते खाकरून, आवाज लावून हाव म्हणत होते. आवाज सतरंजीवरून सरकत सरकत भिंतीपाशी पोचला. बायका पदरात हसत हाव म्हणाल्या.

आईची पाळी आली. ती गप्प.

"हाव, हाव," बाबा मागून म्हणाले. "तिचं हाव हाय. लिहा पुढं."

सर सतरंजीवरूनच वळून शांतपणे म्हणाले, "त्यांचं त्यांना म्हणू द्या."

सगळं पटांगण आईकडं बघायला लागलं. आईनं पदर सारखा केला. मला वाटलं, ती उठून घरी जाणार.

"नाई," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. कोणालाच कळलं नसावं, कारण मागं कोणीतरी "काय म्हनली?" विचारलं.

"नाई म्हनली मी."

"काऊन?" सचिवानं विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

आई सतरंजीकडं बघत बोलायला लागली. "कमान कायले पायजे? ज्याले गावात याचं हाय त्याले गाव दिसतेच ना. पाहुणा काय कमान पाहून जेवते?" बायका हसल्या. आईनं मान वर केली. "तिथं कडुलिंबाचं झाड होतं. चांगलं मोठं. वेचणीच्या बाया तिथं गाठोडं टेकवत. बस येईलोक लेकराले पाजत. त्या कमानीपायी लिंब तोडला. आता पाहा कमानीची सावली. दोरीएवढी हाय. त्या दोरीखाली कोन उभं राहीन? म्हनून माह्यं नाई."

चक्की घुमत होती.

"पन सही त तुमचीच हाय, सरपंचीणबाई," एक म्हातारा म्हणाला. चिडवून नाही, खरंच कोड्यात पडून.

"हाय ना," आई म्हणाली. "मले कागद देल्ला, मी सही केली. मले कोनं इचारलं काय? आज या पोट्ट्यानं इचारलं. तवा इचारलं असतं त मी तवाच नाई म्हनली असती."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. मला आईचा एक शब्द पाहिजे होता, आणि ती अख्खं झाड घेऊन आली होती. इतकी वर्षं तिनं ते झाड आत कुठं ठेवलं होतं, मला माहीत नाही. मी त्याच घरात वाढले आणि मला माहीत नव्हतं.

सचिवानं पद्धतीप्रमाणे सभेला सांगितलं, ठराव पडला. शाळेच्या फळ्यावरून त्यानं तो पुसून टाकला. पटांगणातून कमान तशीच दिसत होती, ती काही पडली नाही. पण म्हातारे आपसांत बोलायला लागले की बसच्या जागी काहीतरी सावली पाहिजे खरी, आणि ते बोलणं खोट्या सभेतलं नव्हतं.

सतरंज्या गुंडाळताना बाबा माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. "तिनं मले कधी सांगतलं नाई व," ते म्हणाले.

"तुमी इचारलं काय, बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं. सतरंजीचं दुसरं टोक त्यांनी धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.

मंडळ बसनं परत गेलं. संध्याकाळ झाली. चुलीचा धूर अंगणात रेंगाळत होता आणि मला सगळा दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखा वाटत होता. बाबा ओसरीवर पाय पसरून बसले होते. आई घागर कमरेवर घेऊन पाण्याला निघाली आणि दारात थांबली.

"काय व," तिनं मला विचारलं, "पुढची सभा कवा हाय?"

आमच्या फळ्यावर आता परीक्षेशिवाय काहीच उरलं नव्हतं, आणि परीक्षेनंतर मी त्या मंडळात असणार नव्हते. "आमची आता नाई, आई," मी म्हणाले. "सत्र संपलं."

मग बाबा, अंगणाकडं बघत, म्हणाले, "महाराष्ट्र दिनाले ग्रामसभा हाय. खरी."

"मंग मी जाईन तिले," आई म्हणाली. "एकटी. तुमी घरी राहा."

बाबांनी पसरलेले पाय जवळ घेतले आणि तिला जायला वाट दिली.